जंगल-वाटांचा आराखडा गावाने करायचा, तर खर्च किती?

महाराष्ट्राचे विधानसभा मतदारसंघ मोजायला घेतले की पहिला येतो अक्कलकुवा, आणि अक्कलकुव्याच्या मतदान केंद्रांत पहिले येते मणिबेली. राज्याचे पहिले मतदान केंद्र असे सरदार सरोवराच्या काठावर, नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाला आहे. निवडणुकीचे सामान तिथे बार्जमधून जाते. या लेखात ज्या खर्चाचा हिशेब मांडायचा आहे त्याचा पहिला कागद मतदार यादीच आहे, आणि तो गावाला फुकट मिळायला हवा, म्हणून सुरुवात तिथून.

गावाभोवतीचे जंगल, त्यातल्या पायवाटा, पाणवठे, देवाची झाडे, मोहाच्या राया. यातले काय राखायचे, कुठली वाट दुरुस्त करायची, बाहेरच्या माणसाला कुठवर येऊ द्यायचे, हे गावातल्या सगळ्यांना विचारून ठरवायचे असेल तर रोख पैसे किती लागतात? माणसांचे दिवस किती मोडतात? कुठली रक्कम कायद्यानेच शून्य आहे? सातपुड्यातल्या अनुसूचित क्षेत्रातले गाव डोळ्यांसमोर ठेवून मी हा हिशेब केला आहे. ग्रामसभेत बसणारे, नर्मदा आंदोलनाच्या जीवनशाळेत शिकवणारे, आणि सुट्टीत पाठीवर पिशवी टाकून या डोंगरांत येणारे, तिघांच्याही उपयोगी पडावा अशी इच्छा आहे.

न विचारता केलेले काम

मणिबेली का निवडली हे आधी सांगायला हवे. जागतिक बँकेने १९८५ मध्ये सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेव्हा काठावरच्या लोकांना धड कोणी विचारले नव्हते. हे माझे मत म्हणून सांगत नाही. बँकेनेच नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने जून १९९२ च्या अहवालात बाधितांशी सल्लामसलत अपुरी झाल्याचे नोंदवले. १९९१ च्या पावसाळ्यापासून मणिबेलीत सत्याग्रह सुरू होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको असे कळवले. पुढच्या वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाबद्दल बँकेला जो जाहीरनामा धाडला त्याला या गावाचेच नाव दिले. धरणांचा जागतिक आयोग १९९८ मध्ये बसला, २००० मध्ये त्याचा अहवाल आला, त्यामागे जे रेटे होते त्यांत हा जाहीरनामाही होता.

पाणी मात्र चढतच राहिले. महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली, त्यातली ९ अक्कलकुवा तालुक्यातली. राज्याची सुमारे साडेसहा हजार हेक्टर वनजमीन बुडिताखाली गेली. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले, नवे गुजरातेत गोऱ्याला बांधले. नदीकाठाने जाणारी नर्मदा-परिक्रमेची वाटही गेली. शूलपाणीच्या झाडीतून पाण्याला उजवीकडे ठेवत चालणारे परिक्रमावासी आता धडगाव, काठी, मोलगीच्या डोंगरांवरून जातात. घरे आणि शेते कागदावर मोजली गेली, कमी-जास्त का होईना भरपाईच्या रकान्यात आली. वाटेचा रकानाच कुठे नव्हता. पाणवठ्याची वाट, गुरांची वाट, दुसऱ्या पाड्यावर लेक दिली तिच्या घरची वाट. कोणी विचारलेच नाही, तर ती नोंदणार कोण?

आज परिस्थिती वेगळी आहे. त्याच पाण्याच्या खालच्या अंगाला २०१८ मध्ये १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला आणि पर्यटकांची रीघ लागली. धरण २०१९ मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरले. इतके निळे पाणी आणि इतके डोंगर पाहून कोणीतरी एक दिवस तंबूंची, होड्यांची, ‘निसर्गवाटे’ची योजना घेऊन येणारच. ती यायच्या आधी गावाचा स्वतःचा आराखडा तयार असला तर बोलणी गावाच्या अंगणात होतात. नसला तर दुसऱ्याच्या टेबलावर.

शून्य रुपयांच्या गोष्टी

सगळ्या कामाला धरायचा खांब म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम ३(१)(झ) नुसार, म्हणजे इंग्रजी प्रतीत जे आय अक्षराचे उपकलम आहे त्यानुसार, गावाने परंपरेने राखलेले जंगल जपण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. यालाच सामूहिक वनसंसाधनाचा हक्क म्हणतात. त्यासाठी नमुना ‘क’ भरायचा. नमुना ‘अ’ वैयक्तिक जमिनीचा आणि ‘ब’ चराई, मोहफुले, मासेमारी अशा सामूहिक वापराचा. बरीच गावे ‘अ’ भरून थांबतात. वाटा आणि जंगल यांचे नियोजन हातात हवे असेल तर ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही भरा.

दाव्याला फी नाही. नमुन्यांचे कागद सहज आणि मोफत मिळतील हे पाहण्याची जबाबदारी नियमांनी उपविभागीय समितीवर टाकली आहे. वनखात्याचे व महसूलचे नकाशे आणि मतदार याद्या ग्रामसभेला पुरवणे हेही त्याच समितीचे काम. म्हणून नकाशासाठी कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. नियम ६ चा उल्लेख करून ग्रामसभेच्या ठरावानिशी लेखी मागणी करायची आणि तिची पोच घ्यायची. प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प पेपर, ‘साहेबांची फाइल फी’ यांपैकी कशाचीही या दाव्याला गरज नाही.

पुरावाही विकत आणावा लागत नाही. सामूहिक दाव्यासाठी नियम १३ मध्ये दिलेली यादी वाचली की वाटते, ती कोणीतरी डोंगरात बसूनच लिहिली असावी: परंपरेची चराईची राने, कंदमुळे, चारा आणि रानफळे गोळा करण्याच्या जागा, मासे धरण्याच्या जागा, माणसांचे आणि गुरांचे पाणवठे, वैदूंच्या औषधी वनस्पतींच्या जागा, जुन्या बांधकामांचे अवशेष, पवित्र झाडे, देवराया, दहन-दफनाच्या जागा. शिवाय दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घेतले तर तेही पुराव्यात धरतात. एकाहून अधिक प्रकारचे पुरावे जोडा, एवढी एकच अट. उपग्रहाचा फोटो पूरक म्हणून चालतो. तो नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही, कारण बाकीच्या पुराव्यांची जागा त्याने घ्यायची नाही असे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिले आहे.

दिवसांचा हिशेब

खरा खर्च इथे आहे आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बायका लागतात. वनहक्क समिती १० ते १५ जणांची, त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश स्त्रिया. ही संख्या कागदावर छान दिसते. पण सभेला बसलेल्या प्रत्येक माणसाचा त्या दिवशीचा रोज बुडालेला असतो.

समजा, साठ घरांचा पाडा आहे. दर घरातून दोघे सभेला आले, अर्धा दिवस गेला, म्हणजे एका सभेचे ६० मनुष्यदिवस. अशा तीन सभा तरी लागतात: पहिली समिती निवडायला, दुसरी सीमा आणि नकाशा वाचून दाखवायला, तिसरी दावा मंजूर करायला. १८० दिवस झाले. शिवाराची सीमा पायी फिरायला १२ माणसे आणि चार दिवस, ४८. समितीच्या १५ जणांच्या सहा अर्ध्या-अर्ध्या दिवसांच्या बैठका, ४५. अधिकाऱ्यांसोबत प्रत्यक्ष पाहणी, १५ माणसे आणि दोन दिवस, ३०. बेरीज ३०३ दिवस. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरला होता. त्या दराने ३०३ दिवसांचे ९४,५३६ रुपये होतात.

आता रोख खर्च. फाइल दीडशे पानांची धरा आणि गावाची प्रत मिळून चार संच करा. सहाशे पानांची झेरॉक्स, पानाला २ रुपये, म्हणजे १,२००. ठराववही, हजेरीवही, कार्डशीट, रंगीत खडू, थोडे फोटो छापणे यांना दोन हजार. तालुक्याच्या आणि तळोद्याच्या प्रांत कार्यालयाच्या पाच फेऱ्या, दर फेरीला दोघे, प्रवास, जेवण आणि पडलाच तर मुक्काम मिळून माणशी पाचशे धरले तर पाच हजार. एकूण ८,२००. जीपचे भाडे आणि मुक्कामाचा खर्च गावागणिक बदलेल, तुमच्या रस्त्याचा आकडा घालून पुन्हा मांडा.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. रोख एक रुपया लागतो तिथे घामाचे साडेअकरा रुपये जातात. पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला त्या दिवसाचा पगार असतो, प्रवासभत्ता असतो. संस्थेच्या कार्यकर्त्याला मानधन असते. डोंगर ज्याच्या पायाखालचा आहे त्यालाच आपण सांगतो, ‘तुमच्याच गावाचे काम आहे, या की!’ मला हे पटत नाही. गावाच्या नियोजनासाठी बाहेरून पैसा आणणाऱ्या कुणीही, मग ते खाते असो, संस्था असो, कंपनी असो, पहिली ओळ हजेरीवहीची लिहावी. सीमा फिरणाऱ्या बारा जणांचे १४,९७६ रुपये म्हणजे शहरातल्या एका दिवसाच्या कार्यशाळेच्या चहा-जेवणाइतकेच होतील. ग्रामसभेला आलेल्या प्रत्येकाला पैसे देता येणार नाहीत आणि देऊही नयेत, मत मजुरीवर जाऊ नये. पण सीमा फिरणे, वाटाड्या होणे, जबाब लिहून घेणे, दुभाष्याचे काम करणे ही कामे आहेत. त्यांचा रोज द्यायलाच हवा.

पैसा कुठून येईल? महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी पेसा (अनुसूचित क्षेत्रांचा पंचायत कायदा) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींकडे थेट जातो. लोक त्याला पाच टक्के अबंध निधी म्हणतात. ज्या कामांवर तो खर्च करायचा त्यांत वनहक्क व पेसाची अंमलबजावणी आहे, आणि वनसंवर्धन, जलसंधारण, वन्यजीव पर्यटनही आहे. म्हणजे या लेखातले जवळपास प्रत्येक काम त्यात बसते. ग्रामसभेने ठराव करून मागायचे. ठरावात ‘जनजागृती’ असा मोघम शब्द घातला की पैसे बॅनरवर जातात. ‘सीमा-पाहणीसाठी १२ माणसे, ४ दिवस, दर ३१२’ असे लिहिले की माणसांना मिळतात.

सभा कधी घ्यायची

चुकीच्या दिवशी घेतलेली सभा सर्वांत महाग पडते, कारण ती पुन्हा घ्यावी लागते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मोहफुले पडायला लागतात. त्या दिवसांत बायका-पोरे पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, कारण उन्हे चढली की फूल वाळते आणि गुरे-हरणे तोंड घालतात. होळीच्या आठवड्यात काठीच्या राजवाडी होळीला सगळा डोंगर लोटतो. जून-जुलैत पेरणी. दिवाळीनंतर बरीच घरे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, आणि मागे उरतात म्हातारी माणसे व शाळेची मुले. गणपूर्ती होत नाही ती लोकांच्या अनास्थेमुळे, असे म्हणणाऱ्यांनी हे पंचांग एकदा पाहावे.

माझा सल्ला असा. सीमा फिरायची ती मे महिन्यात. तोडीला गेलेली माणसे परतलेली असतात, साग पानगळीने उघडा असतो, समोरचा दगड-नाला दिसतो. पहाटे निघा, दहाच्या आत सावलीला या. निंदणी आटोपल्यावर ऑगस्टमध्ये नकाशा वाचून दाखवण्याची सभा घ्या. बाजाराचा दिवस टाळा.

सभा लोकांच्या बोलीत चालवा, वसावी असो, भिलोरी असो, पावरी असो. ठराव मराठीत लिहिला तरी अंगठा घेण्याआधी तो बोलीत वाचून दाखवा. गावातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी हे काम करते. त्याचाही रोज धरा.

वाटा कोणाला विचारायच्या

गावाचा नकाशा कागदावर काढायला बसलात तर पेन दोघा-तिघांच्याच हातात राहते. अंगण शेणाने सारवून घ्या आणि राख, कोळसा, हळद, ज्वारीचे दाणे, पाने ठेवा. राखेने नदी ओढली की माणसे आपोआप जवळ येतात. मग गंमत दिसते. पुरुष आधी मोलगीच्या बाजाराची वाट काढतात, तालुक्याचा रस्ता काढतात. बाया वाकतात तेव्हा वेगळाच नकाशा उमटतो: पावसाळ्यातला झरा, उन्हाळ्यातला झरा, हंडा डोक्यावर असताना पाय घसरतो तो उतार, सरपणाची पट्टी. गुरे राखणाऱ्या पोराला ढोरवाटा ठाऊक, आणि बिबट्या कुठे पाणी पितो तेही. पुजाऱ्याला औषधाची झाडे. दाईला रात्रीची वाट, कारण तिला बोलावणे रात्रीच येते.

आणि एक वाट सगळ्यांनाच ठाऊक असते, झोळीची. आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून जिथून नेतात ती. दोन माणसे पुढे, दोन मागे, मधे माणसाचे वजन. या वाटेला वळण किती अरुंद चालेल, पायरी किती उंच चालेल, हे खांदा देणाऱ्यालाच माहीत. दुरुस्तीच्या यादीत ती पहिली घ्या. निसर्गवाट, पक्षीवाट, फोटोची जागा हे सगळे तिच्या मागे.

नकाशा जमिनीवर पक्का झाला की त्याचा फोटो काढा, कार्डशीटवर उतरवा, मग मोबाइलमधल्या मोफत जीपीएस अॅपने वाटा चालून नोंदवा. यंत्र विकत घ्यायची गरज नाही. एकच खबरदारी: औषधी वनस्पतींच्या, देवाच्या आणि मधाच्या जागांचे नेमके बिंदू सगळ्यांना दिसतील असे कुठे चढवू नका. बाहेरची संस्था नकाशा करायला मदत करणार असेल तर माहितीची मालकी ग्रामसभेची राहील, एक पूर्ण संच गावात राहील, असे आधी लेखी घ्या.

दुरुस्तीचा खर्च कसा काढायचा

डोंगरातल्या पायवाटेला माणसाच्या पायापेक्षा पाणी जास्त खाते. वाट सरळ उतारावरून उतरली की पहिल्याच पावसात तिचा ओहोळ होतो. म्हणून काम असते ते वाट तिरकी वळवण्याचे, ठरावीक अंतरावर आडवे चर काढून पाणी बाजूला सोडण्याचे, आणि चढावर दगड बसवून पायऱ्या करण्याचे. दगड तिथलाच, माणसे तिथलीच. सिमेंट लागतच नाही, आणि आणायचे तर खांद्यावरूनच आणावे लागते.

मीटरचा तयार दर मी देणार नाही, कारण मुरमाची वाट आणि खडकाची वाट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्याऐवजी असे करा. वाटेचे सर्वांत वाईट शंभर मीटर निवडा, गावच्या माणसांनी दुरुस्त करा, किती माणसे किती दिवस लागले ते वहीत लिहा. त्याला ३१२ ने गुणा. मग सर्वांत सोपे शंभर मीटर तसेच करून पाहा. दोन आकडे हाती आले की पूर्ण वाटेचा अंदाज कुठल्याही बाहेरच्या अभियंत्यापेक्षा तुम्ही अचूक सांगाल. दर वर्षी पावसाळ्यानंतर डागडुजी लागते, तिचे दिवस वेगळे मांडा. हीच रक्कम लोक विसरतात.

पायवाटेऐवजी रस्ता हवा असेल, तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयीच्या १३ कामांची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, समाजमंदिर अशी. रस्ता त्यात आहे. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, या मर्यादेत ते काम ग्रामसभेच्या शिफारशीने होऊ शकते. शिफारस ग्रामसभेची हवी, एकट्या सरपंचाच्या सहीचे पत्र पुरत नाही.

न विचारता केलेल्या चांगल्या कामाचाही खर्च दुप्पट होतो, याचे उदाहरण सातारकरांनी पाहिले आहे. कासच्या पठारावरची फुले पर्यटकांच्या पायांपासून वाचावीत म्हणून लोखंडी जाळीचे कुंपण घातले गेले. हेतू चांगलाच होता. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरणारी गुरे बाहेर राहिली, गवत माजले, फुले कमी झाल्याची तक्रार गावकरी आणि अभ्यासक दोघेही करू लागले. शेवटी ती जाळी काढावी लागली. घालण्याचा खर्च एकदा, काढण्याचा एकदा. गुराख्याला आधी विचारायला काही लागले नसते.

उलट उदाहरणेही जवळच आहेत. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी करून उजाड डोंगर हिरवा केला, २००४ पासून रानभाज्यांची स्पर्धा भरवली. त्या गावच्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. चंद्रपूरच्या पाचगावात ग्रामसभेने बसून शंभरावर नियम केले आणि जंगलाचा एक भाग पूर्ण अस्पर्श ठेवला. या गावांत पैसा आधी आला नव्हता. आधी वर्षानुवर्षांच्या बैठका झाल्या.

तळोद्याची फेरी वाया जाऊ नये म्हणून

मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी या पट्ट्यातल्या माणसाला एक फेरी म्हणजे काय हे तळोद्याच्या कार्यालयात बसलेल्याला सांगून समजणार नाही. पण एक सोय आहे. प्रांत कार्यालय, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि मेवासी वनविभाग, तिन्ही तळोद्यातच. एकाच फेरीत तिघांना पत्रे द्या आणि तिन्ही प्रतींवर शिक्का, तारीख, सही घ्या.

पाहणीच्या नोटिशीची पोच सर्वांत मोलाची. वनखात्याचा किंवा महसूलचा माणूस पाहणीला आला नाही आणि नंतर त्या खात्याने हरकत घेतली, तर त्यांना नोटीस मिळाली होती का हे तपासून पाहणी पुन्हा होते. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हे सगळे त्या एका शिक्क्यावर टेकलेले आहे. शिक्का नसला तर ३० मनुष्यदिवस, म्हणजे ९,३६० रुपये, पुन्हा घाला.

दावा परत पाठवला तर कारण लेखी मागा. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांच्या मे २०२० च्या अधिसूचनेने जिल्ह्याच्या वर विभागीय समितीही नेमली आहे. आपल्याला ती नाशिकला. या अपिलांनाही फी नाही. मुदत मात्र आहे, म्हणून निर्णयाचा कागद हातात आला त्या दिवसाची तारीख कागदावरच लिहून ठेवा.

फाइल कुठे अडली हे कळायला माहितीचा अधिकार. अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. प्रतीला पानामागे २ रुपये. कागद नुसते पाहायचे असतील तर पहिला तास मोफत. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढे माहिती फुकट द्यावी लागते. पहिल्या अपिलाला २० रुपये. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, नाहीतर तेवढ्याच कारणाने अडू शकतो. ‘अमुक गावाच्या नमुना क दाव्याची टिपणी, समितीचे इतिवृत्त आणि सध्याची स्थिती’ इतकेच लिहा.

शहरातल्या वाचकांसाठी इथेच सांगतो. तुमच्या टेकडीवरून रस्ता जाणार असेल, तर विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकत-सूचना द्यायलाही फी नाही. राजपत्रात सूचना आली की साधारण ३० दिवस मिळतात. ‘सुनावणी हवी’ हे वाक्य हरकतीत घाला. पुण्याच्या वेताळ टेकडीसाठी माणसे ज्या चिकाटीने उभी राहिली तिची सुरुवात अशाच साध्या कागदांनी होते.

पाहुण्याने काय द्यावे

परिक्रमेला किंवा भटकंतीला येणाऱ्यांनी वाटाड्याला अर्ध्या दिवसाचाही पूर्ण रोज द्यावा, कारण अर्ध्या दिवसानंतर त्याला दुसरे काम मिळत नाही. ३१२ रुपये हा तळ धरा, त्याच्या खाली घासाघीस नको. गावाने प्रवेशशुल्क ठेवले असेल तर ते ग्रामसभेच्या कोषात जाते का हे विचारा आणि पावती घ्या. आणि गावाने ठरवावे ते असे: रोज किती माणसे, कोणत्या महिन्यांत, कोणत्या वाटेवर, आणि कोणत्या वाटेवर कधीच नाही. मोहाच्या दिवसांत रायांच्या बाजूला कोणी नको, असा नियम कोणी केला तर तो अगदी योग्य आहे.

तंबूवाला जमिनीचा करार घेऊन आला तर सही करू नका. वनहक्काने मिळालेली जमीन विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कायद्यानेच नाही. वनजमीन दुसऱ्या कामाला देताना ग्रामसभेला किती वजन असते ते ओडिशाच्या नियमगिरीत दिसले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला. डोंगरावरच्या बारा गावांनी एकामागून एक सभा घेतल्या आणि बाराही ठिकाणी खाणीला नकार मिळाला. तिथेही माणसे शेतीची कामे टाकूनच आली होती.

आता मे महिन्याची तयारी. मतदार यादीची मागणी आजच लिहा, ती यायला वेळ लागतो. हजेरीवहीच्या पहिल्या पानावर रकाने आखा: नाव, पाडा, किती तास, काय काम. बारा माणसांत चार बाया आणि एक गुराखी असू द्या. सोबत पाणी, भाकरी, कोयता, चुना आणि चार्ज केलेले दोन मोबाइल. पहिल्या दिवशी झोळीच्या वाटेने निघा, आणि जिथे खांदेकरी नेहमी थांबून खांदा बदलतात त्या दगडावर चुन्याची पहिली खूण करा.